फडकं दिसलं तरच थांबायचं

आईबापांनी ठेवलेलं नाव त्याला होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर आणि बायकोच्या रागात यायचं. बाकी अख्खं खोरं त्याला साडेनऊ म्हणायचं. सकाळी साडेनऊला त्याची पांढरी व्हॅन तळ्याकाठच्या मोठ्या हॉटेलाच्या मागच्या दाराशी लागायची, आणि ती लागली की तिथला मुख्य आचारी भिंतीवरचं घड्याळ तपासायचा. आचारी गमतीने तपासायचा असं कुणाला वाटेल, पण एकदा घड्याळच चार मिनिटं पुढे निघालं होतं.

त्याआधी अठ्ठावीस वर्षं तो ट्रकवर होता. खोऱ्यातला कोबी, बटाटा, टोमॅटो भरायचा, सात तास चालवून शहराच्या बाजारात उतरवायचा, आणि परतताना त्याच बाजारातून तळ्याकाठच्या हॉटेलांसाठी भाजी भरून आणायचा. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. कधीकधी क्रेटवरची खूण बघून त्याच्या लक्षात यायचं की हा कोबी परवा आपणच नेला होता. ‘शहर बघून आला बिचारा’, असं म्हणत तो कोबी उतरवायचा. बिचारा तोवर पिवळा पडलेला असायचा. पाहुणे नाक मुरडत खायचे आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे जायचे. खोऱ्यातली तरणी माणसं तर केव्हाच दुसरीकडे गेली होती.

मग हॉटेलवाल्यांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून मंडळ काढलं. मॅनेजर म्हणून एक बाई आल्या, वयाने तशा लहान, पण कामाला वाघ. त्यांनी नियम केला की हॉटेलांच्या ताटात जे येईल ते याच खोऱ्यातलं असेल, सकाळी तोडलेलं दुपारी ताटात असेल, आणि ते कुणाच्या हातचं आहे हे पाहुण्याला कळेल. दारातल्या फळ्यावर रोज खडूने लिहायचं: पालक ओढ्यापलीकडच्या काकांचा, मध मधवाल्याचा, अंडी वरच्या ताईंची. पाहुणे फळ्याचे फोटो काढायला लागले. पुढे त्यांना ते काका आणि ती ताई बघायची इच्छा झाली. पाच वर्षांत बंद पडलेली बस सुरू झाली, शाळेला पुन्हा दुसरी मास्तरीण मिळाली, गेलेल्यांपैकी सात घरं परत आली. हे सगळं खरं आहे आणि चांगलं आहे. पुढचं ऐकून मंडळाला शिव्या घालायच्या असतील त्यांनी हे आधी लक्षात ठेवावं.

या सगळ्याचा दोरा होता साडेनऊच्या व्हॅनमध्ये. खालपासून वरपर्यंत तेवीस फाटकं. सुरुवातीला तो प्रत्येक फाटकाशी थांबायचा. कुठे चहा व्हायचा, कुठे गुडघेदुखीची चौकशी, कुठे सुनेची तक्रार ऐकावी लागायची. निम्म्या फाटकांशी माल नसायचाच, नुसत्या गप्पा असायच्या. हॉटेलं दोनाची पाच झाली तेव्हा हे परवडेना. मग त्यानेच युक्ती काढली. प्रत्येक घराला एक पांढरं फडकं दिलं. माल तयार असेल तर ते फाटकाला बांधायचं. फडकं दिसलं तरच गाडी थांबेल, नाही दिसलं तर पुढे जाईल. बोलणं नको, फोन नको. वरच्या अंगाला फोन लागतच नसे म्हणा. मॅनेजरबाईंनी भर सभेत त्याचं कौतुक केलं. तो खाली मान घालून कानाच्या पाळ्या चोळत बसला, पण घरी जाऊन बायकोला त्याने ते तीनदा सांगितलं.

सगळ्यात वरचं, रस्ता संपतो तिथलं तेविसावं फाटक त्याच्या ताईचं होतं. फळ्यावरची वरची ताई ती हीच. त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. त्यानंतर त्याचे केस विंचरले ते तिने, आणि त्याला ट्रक शिकू देण्यासाठी बापाशी भांडली तीही तीच. नवरा गेल्यावर ती वरच राहिली, चाळीस कोंबड्या आणि वाफाभर कांद्याच्या पातीच्या सोबतीने. खाली ये म्हटलं की म्हणायची, कोंबड्यांना चढ-उतार सोसत नाही. ती त्याला अजून धाकट्या म्हणायची. अठ्ठावन्न वर्षांच्या, टक्कल पडलेल्या माणसाला.

गाडी आधी थेट वर जायची आणि उतरताना माल गोळा करत यायची. म्हणजे ताईचं फाटक पहिलं. शेवटच्या वळणावरून, ओढ्याच्या अलीकडूनच ते दिसायचं. फडकं असलं तर पूल ओलांडून वर जायचं. नसलं तर वळणावरच गाडी फिरवायची, अकरा मिनिटं वाचायची. ही अकरा मिनिटं त्यानेच मोजून काढली होती.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एक दिवस फडकं होतं म्हणून तो वर गेला, तर फाटकाशी अंडी नव्हती. ताई दारात उभी होती. आत तिने पाव भाजून ठेवला होता, चहा झाकून ठेवला होता. माल कुठाय, असं त्याने विचारलं, तर म्हणाली, आज कोंबड्यांनी काही दिलं नाही, पण तू ये, बस, पंधरा दिवसांत तुझं तोंड नीट बघितलं नाही. एरवी ताकाला जाऊन भांडं लपवणारी बाई. त्या दिवशी सरळ बोलली, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. तो फाटकाबाहेर उभा राहूनच बोलला.

“ताई, फडकं म्हणजे माल. तू अशी फडकी लावत बसलीस, तर खालच्या बावीस घरांनी काय करायचं? तिकडे माणसं ताटावर बसलेली असतात.”

 पुढे येऊन तिने फडकं सोडलं आणि त्याच्यासमोर चार घड्या घालून कमरेला खोचलं. भाजलेला पाव कागदात बांधून त्याच्या हातात दिला. तो त्याने वाटेत गाडी चालवताना खाल्ला, आणि त्या दिवशी पोचायला दहा मिनिटं उशीर झाला म्हणून दिवसभर धुसफुसत राहिला. ताईने पुन्हा कधी माल नसताना फडकं लावलं नाही.

आता ज्या चार दिवसांसाठी हे सगळं सांगितलं, त्यांच्याकडे यायला हवं.

सोमवारी फडकं नव्हतं. कोंबड्या पिसं गाळतात तेव्हा अंडी देत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. दिवसही तेच होते. त्याने वळणावर गाडी फिरवली. मंगळवारीही नव्हतं. बुधवारी नव्हतं तेव्हा तो चिडला. इतके दिवस माल नाही तर एखादा निरोप तरी धाडावा, आचाऱ्याला काय उत्तर द्यायचं? तिच्या खालच्या घरी राहणारा मधवाला त्या दिवसांत फाटकाशी भेटला, त्याने ताईंची खुशाली विचारली. साडेनऊ म्हणाला, बरी असेल. मधवाल्याचं समाधान झालं. पूर्वी तोच आठवड्यातून दोनदा चढून वर जायचा; पण आता गाडी रोज जाते, ती बघतेच की, असं त्याने धरून चाललं होतं. खालच्या सगळ्यांनीच तसं धरलं होतं. गाडी रोज जायची हे खरं. बघत मात्र फक्त फाटकाकडे होती.

बुधवारी संध्याकाळी मॅनेजरबाईंचा फोन आला. शनिवारी सोळा पाहुणे येणार आहेत, फळ्यावर वाचून त्यांना वरच्या ताईंनाच भेटायचंय, कोंबड्या बघायच्यात, तिथेच अंगणात नाश्ता करायचाय. ताईंना चालेल का, एवढं विचारून याल का? साडेनऊ म्हणाला, विचारतो. आणि गुरुवारी सकाळी, फाटकाला फडकं नसताना, तो पूल ओलांडून वर गेला. पाहुण्यांचं विचारायला.

कोंबड्या पायरीवर बसल्या होत्या. पाण्याचं भांडं कोरडं पडलेलं. ताईकडचं ते भांडं त्याने जन्मात कधी कोरडं पाहिलं नव्हतं. दार नुसतं लोटलेलं होतं. ताई आतल्या खोलीत दोन रजया घेऊन पडली होती, ओठ फुटलेले, आणि श्वासाचा आवाज दारापर्यंत ऐकू येत होता. उशाशी स्टुलावर रिकामा पेला. त्याने तो भरून आणला, तिचं डोकं हातावर घेऊन पाजला. अर्धं पाणी मानेवरून खाली गेलं. तिने डोळे उघडले, त्याला ओळखलं, आणि मग तिच्या कपाळाला आठी पडली.

“धाकट्या? फडकं तर लावलं नव्हतं.”

“नव्हतं.”

“मग थांबलास कसा?”

उत्तर त्याच्या जिभेवर होतं. शनिवारी सोळा पाहुणे येणार आहेत. एवढं एक साधं वाक्य.

“असंच,” तो म्हणाला. “काहीतरी वाटलं.”

ताईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते त्याने पुढे कुणालाच सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर बाकीचं सांगावं लागलं असतं. ती खूश झाली. तापाने फणफणलेली, पाण्यावाचून पडलेली बाई खूश झाली.

त्याने रागाने विचारलं, फडकं का नाही लावलंस? कधीपासून पडलीयेस? ती म्हणाली, रविवारपासून कणकण होती. सोमवारी ती उठली होती, कोंबड्यांना सोडायला फाटकापर्यंतही गेली होती. खुराड्यात वाकवेना, म्हणून अंडी काही काढली नाहीत.

“माल नव्हता रे,” ती म्हणाली. “उगाच कशाला तुझा खोळंबा?”

त्याने तिला रजईसकट उचललं. पूर्वी तिने त्याला असं उचललं असेल, तेव्हा तो याहून जड असणार. पुढच्या सीटवर बसवून पट्टा लावला आणि गाडी सोडली. खाली उतरताना एकामागून एक फाटकं आली, जवळपास प्रत्येकाला फडकं होतं, आणि एकाशीही तो थांबला नाही. लोक क्रेट घेऊन उभे राहिले आणि बघत बसले. मधवाला हात वर करून रस्त्यात आला होता, तो बाजूला उडी मारून वाचला. ताई मध्येच डोळे उघडून म्हणाली, अरे, फडकी आहेत. तो म्हणाला, असू देत.

त्या दिवशी पाचही हॉटेलांत भाजी पोचली नाही. पाहुण्यांनी पाव-जॅम खाल्ला, काहींनी शेजारच्या दुकानातून बिस्किटं आणली, आणि तळ्यावर होड्या फिरवायला गेले. कुणाचं काही अडलं नाही. सात वर्षं ज्या साडेनऊसाठी त्याने जिवाचं रान केलं, ते चुकलं तर काय होतं, याचं उत्तर त्याला असं मिळालं.

ताई हॉस्पिटलात नऊ दिवस होती. न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत गेला होता. डॉक्टर सज्जन होते, त्यांनी व्हरांड्यात बाजूला घेऊन हळूच सांगितलं की म्हातारी माणसं दुखणं अंगावर काढतात, तुमचा दोष नाही. सोमवारी-मंगळवारी आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती, इतकंच. इतकंच हा शब्द त्यांनी चांगल्या मनाने वापरला होता.

आणि ताई येईल त्याला सांगत होती. सलाईन लावणाऱ्या नर्सला, शेजारच्या खाटेवरच्या बाईला, फरशी पुसायला येणाऱ्या मावशींना. दोन शब्द बोलायचे आणि चार श्वास घ्यायचे, असं करत करत सांगत होती: फाटकाला फडकं नव्हतं तरी माझा भाऊ थांबला. चार दिवस कुणाला पत्ता नव्हता, याला मात्र कळलं. रक्ताला कळतं हो. नर्स डोळे पुसून साडेनऊकडे बघायची, आणि तो खिडकीकडे बघायचा.

पाचव्या दिवशी त्याने बायकोला खरं ते सांगितलं. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून, डबा मांडीवर तसाच ठेवून. म्हणाला, मला हे सहन होत नाही, मी ताईला सांगून टाकतो. बायकोच्या तोंडात एरवी तीळ भिजत नसे, पण हे तिने पुढे कुणालाच सांगितलं नाही.

“सांग की,” ती म्हणाली. “तू मोकळा होशील. पण तिच्याजवळ आता तेवढंच आहे. ते काढून घेऊन तिला काय देणार आहेस?”

त्याच्याजवळ द्यायला काही नव्हतं. तरी सातव्या दिवशी त्याने तोंड उघडलंच. ताई, म्हणाला, त्या दिवशी मी जो वर आलो ना. ताईने त्याचा हात धरला. म्हणाली, आई गेली त्या वर्षी मी पाणी आणायला गेले की तू उंबऱ्यावर बसून राहायचास, आणि मी वळणाला आले की न बघताच कळायचं तुला. लहानपणापासून आहे तुझं ते. मला वाटलं होतं गेलं. त्याने शब्द गिळले आणि तिच्या हातावरून हात फिरवत बसला. नवव्या दिवशी दुपारी, तो खाली औषध आणायला गेला असताना, ती गेली.

नर्सकडून गोष्ट आचाऱ्याला कळली, आचाऱ्याकडून मॅनेजरबाईंना. त्या भेटायला आल्या तेव्हा नुसत्या रडत राहिल्या. त्यांच्या मनात खोट नव्हती. पुढच्या हंगामात मंडळाने नवीन माहितीपत्रक छापलं. त्यात फाटकाला बांधलेल्या पांढऱ्या फडक्याचा फोटो होता, आणि खाली लिहिलं होतं की या खोऱ्यातला घास जिथून येतो तिथली माणसं एकमेकांना इतकी ओळखतात, की फडकं नसतानाही गाडी थांबते. पाहुण्यांना ते फार भिडलं. शनिवारच्या सहलीत गाडीवाल्याला भेटायचं, असा एक कार्यक्रमच ठरला: सकाळी माल उतरला की दहा मिनिटं अंगणात. साडेनऊ दर शनिवारी काही ना काही निमित्त काढून सटकायचा. पाहुण्यांना वाटायचं, लाजाळू माणूस आहे. बाई तसंच सांगायच्या.

गाडी मात्र आता पहिल्यासारखी राहिली नव्हती. फडकं असो नसो, तो तेवीसच्या तेवीस फाटकांशी थांबायचा, दार वाजवायचा, माणूस डोळ्यांनी बघितल्याशिवाय हलायचा नाही. ताईच्या रिकाम्या घराशीसुद्धा. पोचायला दहा वाजायचे, सव्वादहा व्हायचे.  आचाऱ्याने जेवणाची वेळच अर्ध्या तासाने पुढे नेली होती.

एका शनिवारी तो पोचला तेव्हा सव्वादहा झाले होते, आणि पाहुण्यांचा पत्ता नव्हता. त्यांची बस रस्त्यात बंद पडली होती. चला, सुटलो, असं म्हणत त्याने सावकाश क्रेट उतरवले. पण शेवटचा क्रेट आत देऊन तो वळला तर बस येऊन उभी होती आणि वीसेक माणसं अंगणातून त्याच्याकडेच चालत येत होती, पुढे मॅनेजरबाई. पळायला वाट नव्हती. बाईंनी ओळख करून दिली, ताईंची गोष्ट थोडक्यात सांगितली. माणसं शांत उभी राहून ऐकत होती. पुढे एक वयस्कर बाई होती, साधारण ताईच्याच वयाची. तिचे डोळे भरून आले होते. तिने विचारलं, तुम्हाला कसं हो कळलं?

साडेनऊने तिच्याकडे बघितलं. दीड वर्ष त्याने ते वाक्य दातांखाली धरून ठेवलं होतं. आता ज्याचा जीव दुखावेल असं कुणी राहिलं नव्हतं.

“मला काही कळलं नव्हतं,” तो म्हणाला. “मी तुमच्यासाठी थांबलो होतो.”

मॅनेजरबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग बुधवार संध्याकाळचा तो फोन त्यांना आठवला असावा, कारण त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला आणि त्या मागे सरकून कठड्याला टेकल्या. पण वयस्कर बाईने पुढे येऊन त्याचा मातीने माखलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ती मनापासून ओशाळली होती.

“खरंच सॉरी हं,” ती म्हणाली. “बसच बंद पडली वाटेत. एवढी कामं टाकून आमच्यासाठी थांबलात, फार बरं वाटलं.”